जुन्या संगणकाचं चित्र नव्या टीव्हीवर: कन्व्हर्टर घेण्याआधी सिग्नल ओळखा

प्रश्न थोडक्यात असा. शाळेच्या स्टोअररूममध्ये दोन जुनी यंत्रं सापडली: एक बीबीसी मायक्रो (ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश संगणक) आणि एक हर्क्युलिस कार्ड, म्हणजे एकरंगी डिस्प्ले कार्ड, असलेला पीसी एक्सटी (आयबीएम जातीचा जुना पीसी). दोन्हींचे मॉनिटर केव्हाच भंगारात गेले. विज्ञान प्रदर्शनात ही यंत्रं मुलांना चालू अवस्थेत दाखवायची आहेत, तीही वर्गातल्या एलईडी टीव्हीवर. त्यासाठी बाजारातून ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर आणला. बीबीसीचं चित्र आलं, पण काळं-पांढरं आणि थरथरणारं. एक्सटीला एका टोकाला नऊ पिना आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी केबल लावली, तर टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो. यंत्रं बिघडली आहेत की कन्व्हर्टर?

बहुधा दोन्ही ठीक आहेत. तो कन्व्हर्टर केबलचा सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो, आणि ते काम तो बरं करतो. तुमच्या संगणकांचे सिग्नल त्या जातीचे नाहीत, एवढंच. आधी सिग्नल ओळखायचा आणि मग पैसे खर्च करायचे, हा क्रम पाळला तर दोन्ही यंत्रांचं चित्र मूळ मॉनिटरपेक्षाही स्वच्छ दिसू शकतं. हे मी उगाच धीर देण्यासाठी म्हणत नाही. कारण पुढे येईलच.

तुमच्या शाळेत बीबीसी मायक्रो सापडला याचं मला नवल वाटलं नाही. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच यंत्र निवडलं होतं. चंदीगडजवळच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ते ‘युनिकॉर्न’ या नावानेही काढलं. ‘एससीएल युनिकॉर्न’ असं लिहिलेलं यंत्र मिळालं तर आतून तो बीबीसी मायक्रोच समजा. इथलं सगळं त्यालाही लागू आहे.

वीज देण्याआधी एक काम कराच. बीबीसीच्या पॉवर सप्लायमध्ये, मेन्सच्या बाजूला, दोन फिल्टर कपॅसिटर असतात: पारदर्शक पिवळसर प्लास्टिकच्या आवरणातले, चौकोनी, वर ‘रिफा’ असं लिहिलेलं. इतक्या वर्षांत त्या आवरणाला बारीक भेगा पडतात, आत ओल शिरते आणि यंत्र चालू केल्यावर काही मिनिटांत त्यातून दाट, उग्र वासाचा धूर निघतो. संगणक त्यातून सहसा वाचतो, पण भर प्रदर्शनात हा प्रसंग नको. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून ‘एक्स-टू’ प्रकारचे नवे कपॅसिटर बसवून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ते सहज मिळतात. एक्सटीच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. मल्टी आय-ओ कार्डावर किंवा मदरबोर्डवर घड्याळाची जुनी बॅटरी असेल आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी दिसत असेल तर ती आधी काढा. आणि मदरबोर्डवरचे थेंबाच्या आकाराचे टँटेलम कपॅसिटर शॉर्ट झालेले नाहीत ना, हे पॉवर सप्लायचे प्लग मदरबोर्डवरून काढून मल्टिमीटरने तपासा.

यंत्र जिवंत आहे की नाही हे कळायला पडदा लागत नाही, कान पुरतात. बीबीसी चालू केला की आधी एक खालच्या पट्टीतला सूर आणि लगेच वरचा छोटा ‘बीप’ येतो. हा जोडसूर आला की संगणक सुरू झाला. पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, ‘बेसिक’ आणि प्रॉम्प्ट आलेलाच असतो, फक्त तुम्हाला दिसत नसतो. खालचा सूर थांबायचं नाव घेत नसेल तर मात्र दोष आत आहे. एक्सटीने एक छोटा बीप दिला तर सगळं ठीक. आयबीएमच्या बायॉसमध्ये, म्हणजे सुरुवातीची तपासणी करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. कार्ड काढून त्याची सोनेरी कड खोडरबराने पुसून पुन्हा बसवा. क्लोन यंत्रांत बीपची भाषा थोडी वेगळी असू शकते.

आता सिग्नल. कुठलाही जुना संगणक समोर आला की मी तीन गोष्टी विचारतो: एका सेकंदात तो किती रेषा काढतो, रंगाचा सिग्नल डिजिटल आहे की ॲनालॉग, आणि सिंक, म्हणजे रेष आणि पडदा कुठे सुरू होतो हे सांगणारा इशारा, कुठून कसा येतो. प्लगचा आकार यातलं काहीच सांगत नाही. लोक नेमकं प्लग पाहून केबल घेतात, आणि तुमच्या एक्सटीचं तेच झालं.

रेषांचं गणित सोपं आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीचा जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेषा काढायचा, म्हणजे १५.६२५ किलोहर्ट्झ. बीबीसी मायक्रो, स्पेक्ट्रम, अमिगा ही घरगुती यंत्रं टीव्हीवर चालावीत म्हणून याच वेगावर ठेवलेली. आयबीएमचं रंगीत सीजीए कार्डही साधारण १५.७ वर. १९८७ मध्ये व्हीजीए आलं ते ३१.५ किलोहर्ट्झवर, आणि आजच्या टीव्हीची किंवा मॉनिटरची व्हीजीएची खाच बहुधा तिथूनच पुढचं वाचते. तुमच्या हर्क्युलिस कार्डाचा वेग १८.४३२ किलोहर्ट्झ. हा ना टीव्हीचा, ना व्हीजीएचा. शिवाय पडदा ताजा होतो सेकंदाला ५० वेळा, व्हीजीएसारखा ६० किंवा ७० वेळा नाही. त्यामुळे केबल कितीही चांगली असली तरी टीव्हीला समोर काही आहे हेच कळत नाही.

दुसरा फरक व्होल्टेजचा. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक तारेवर शून्य ते ०.७ व्होल्ट असा चढता-उतरता सिग्नल असतो. जितकं जास्त व्होल्टेज तितका रंग उजळ. हर्क्युलिस आणि सीजीए यांच्या तारांवर मात्र टीटीएल सिग्नल असतो, म्हणजे तार बंद किंवा चालू, ५ व्होल्टांच्या हिशेबात. हर्क्युलिसच्या नऊ पिनांपैकी सातवर चित्र, सहावर ठळकपणा, आठवर आडवा सिंक, नऊवर उभा सिंक आणि एक-दोन ग्राउंड. लाल-हिरवा-निळा असं काही तिथे नाहीच. हा ५ व्होल्टांचा सिग्नल ०.७ व्होल्टांच्या खाचेत थेट घालणं टीव्हीच्या दृष्टीनेही बरं नाही, म्हणून ती केबल बाजूला ठेवा.

बीबीसीचं काळं-पांढरं चित्र हा दोषच नाही. मागच्या गोल ‘बीएनसी’ खाचेतून कारखान्यातून येतानाच एकरंगी कंपोझिट सिग्नल येतो. आतल्या बोर्डावर ‘एस ३९’ नावाची जोडणी जुळवली की त्याच खाचेतून पाल रंग येतात. पण ती जोडू नका असंच मी सुचवेन. कंपोझिटमध्ये रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात. रंग आला की अक्षरांच्या कडांवर ठिपके सरकायला लागतात आणि ८० अक्षरांची ओळ वाचवत नाही. एकरंगी कंपोझिट त्यापेक्षा पुष्कळ तीक्ष्ण दिसतं. यंत्र तपासायला तेच वापरा: बीएनसीवर आरसीए अडॅप्टर लावून थेट टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खाचेत, मधला कन्व्हर्टर काढून.

थरथरण्याचं कारणही यंत्राच्या स्वभावात आहे. बीबीसी मुळात इंटरलेस सिंक पाठवतो, म्हणजे पडदा एकाआड एक रेषांच्या दोन फेऱ्यांत काढायला सांगतो, पण मोड ० ते ६ मध्ये (मोड म्हणजे पडद्याची ठरलेली मांडणी) दोन्ही फेऱ्यांत चित्र तेच असतं, फक्त अर्ध्या रेषेने सरकलेलं. जुन्या ट्यूबवर ते खपून जायचं. स्वस्त कन्व्हर्टर मात्र त्या दोन फेऱ्या एकाच चित्राचे दोन अर्धे भाग समजून एकमेकींत विणायला जातो आणि स्थिर अक्षरं वरखाली नाचतात. बेसिकच्या प्रॉम्प्टवर ‘*टीव्ही ०,१’ ही आज्ञा (अर्थात रोमन लिपीत) देऊन मोड बदला. इंटरलेस बंद होतो आणि थरथर बरीच कमी होते. मोड ७ मध्ये, म्हणजे चालू करताच दिसणाऱ्या त्या टेलिटेक्स्ट पडद्यावर, ही आज्ञा चालत नाही. तिथला इंटरलेस बंद करता येत नाही.

इथपर्यंतची कामं जवळपास फुकटात होतात. पण प्रदर्शनात रंगीत, स्थिर, अक्षरन्‌अक्षर वाचता येईल असं चित्र हवं असेल तर मागच्या सहा पिनांच्या ‘डिन’ खाचेकडे या. तिथे आरजीबी आहे: लाल, हिरवा, निळा आणि एकत्र सिंक, प्रत्येक वेगळ्या तारेवर. आणि कन्व्हर्टर निवडताना जी गोष्ट सगळ्यात जास्त मोजायची, ती इथे येते.

मोड ० मध्ये बीबीसीच्या एका रेषेत ६४० ठिपके असतात. संगणक ते १६ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर एकामागून एक बाहेर सोडतो. पूर्ण रेषेला ६४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०२४ ठोके. त्यातले ६४० चित्राचे, बाकीचे कडेच्या काळ्या जागेचे आणि सिंकचे. कन्व्हर्टरने ही रेषा वाचताना बरोबर १०२४ तुकडे पाडले, आणि प्रत्येक तुकडा ठिपक्याच्या मध्यावर वाचला, तर संगणकाने काढलेला प्रत्येक ठिपका जसाच्या तसा टीव्हीवर उतरतो. कारण हे चित्र मुळात डिजिटलच आहे. तार बंद किंवा चालू, मधलं काही नाही. अंदाज करायला जागाच नाही. टीव्हीच्या दुनियेतला ठरलेला वेग मात्र १३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेषेला ८६४ तुकडे. १०२४ ठोक्यांची रेषा ८६४ तुकड्यांत बसवली की काही ठिपके दोन तुकड्यांत वाटले जातात. मग इंग्रजी ‘एम’च्या तीन दांड्यांपैकी एक जाड, एक पुसट, एक राखाडी दिसते, आणि टीव्हीची शार्पनेस कितीही वाढवली तरी ती दुरुस्त होत नाही, माहिती वाचतानाच गेलेली असते. मोड ७ चा ठेका वेगळा, १२ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेषेला ७६८. हर्क्युलिसचा आणखी वेगळा: १६.२५७ मेगाहर्ट्झ आणि रेषेला ८८२.

म्हणून या दोन्ही यंत्रांसाठी माझी शिफारस एकच आहे: ‘आरजीबी टू एचडीएमआय’ याच नावाचा मुक्त प्रकल्प. बीबीसी मायक्रोच्या हौशी मंडळींनीच तो उभा केला. रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या संगणकावर (पुढे नुसतं ‘पाय’) एक छोटा बोर्ड चढतो, त्यावरची चिप संगणकाचा सिग्नल त्याच्याच ठेक्यावर वाचते आणि पाय तो एचडीएमआयवर पाठवतो. आत लिनक्स वगैरे नाही, त्यामुळे वीज दिल्यावर काही सेकंदांत चित्र येतं, आणि की दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत जाणवण्याइतका उशीर होत नाही. बीबीसीचा मोड ७ आला की तो आपणहून १२ मेगाहर्ट्झवर जातो. मेमरी कार्डावर फाइल टाकायच्या, मेनूत यंत्राचं प्रोफाइल निवडायचं, पडदा अक्षरांनी भरायचा आणि कॅलिब्रेशन, म्हणजे वाचण्याची वेळ जुळवणं, चालवायचं. ठिपक्याचा मध्य तो स्वतः शोधतो. पडदा भरायला बेसिकमध्ये दोन ओळींचा प्रोग्राम पुरतो. रिकाम्या पडद्यावर कॅलिब्रेशन केलं तर त्याला शोधायला काहीच नसतं, आणि मग अक्षरांच्या कडा चमचमत राहतात.

बोर्ड घेताना सहा बिटांचा, म्हणजे चित्राच्या सहा तारा वाचणारा, नऊ पिनांच्या खाचेचा घ्या. बीबीसीला तीन बिट पुरतात, पण एक्सटीला ठळकपणाची तार वेगळी लागते, आणि उद्या सीजीए किंवा त्यानंतरचं ईजीए हे रंगीत कार्ड हाती आलं तर त्यालाही हाच चालेल. एक सक्त सूचना: मधला बोर्ड टाळून संगणकाच्या तारा पायच्या पिनांना थेट लावू नका. पायच्या पिना ३.३ व्होल्टांच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत.

स्वस्तातला मार्ग विचाराल तर ‘जीबीएस ८२००’ नावाचा हिरवा बोर्ड सगळीकडे मिळतो. तो मुळात आर्केड यंत्रांसाठी आहे, आत फ्रेम साठवण्याची सोय आहे आणि बाहेर व्हीजीए देतो. बीबीसी, सीजीए यांचं चित्र तो दाखवेल. त्याच्या यादीतले वेग १५, २४ आणि ३१ किलोहर्ट्झ, हर्क्युलिसचे १८.४ त्यात नाहीत, म्हणून एक्सटीसाठी तो धरू नका. मूळ फर्मवेअर साधारण आहे. ईएसपी ८२६६ या वाय-फाय चिपचा छोटा बोर्ड जोडून ‘जीबीएस कंट्रोल’ हे सॉफ्टवेअर चढवलं तर तोच बोर्ड खूप सुधारतो. पण त्याचं इनपुट ॲनालॉग आहे, त्यामुळे टीटीएल तारांत रेझिस्टर हवेत. हिशेब असा: बोर्डाच्या आत प्रत्येक तारेच्या शेवटी ग्राउंडला जोडलेला ७५ ओमचा रेझिस्टर, आपल्याला ५ व्होल्टांचे ०.७ करायचेत. मालिकेत ४७० ओम लावले की ५ गुणिले ७५ भागिले ५४५, म्हणजे ०.६९ व्होल्ट. प्रत्यक्षात टीटीएलचा ‘हाय’ साडेतीन-चार व्होल्टच असतो, त्यामुळे चित्र जरा मंद वाटलं तर ४७० ऐवजी ३३० लावा. लाल, हिरवा, निळा तिन्ही तारांत सारखाच रेझिस्टर, नाहीतर पांढऱ्यात छटा येते.

‘ओएसएससी’ या आणखी एका कन्व्हर्टरचं नावही तुमच्या कानावर येईल. उत्तम यंत्र आहे, पण ते ॲनालॉग आरजीबीसाठी. अमिगा किंवा अटारी एसटी असेल तर मी तेच सुचवेन. ते फ्रेम साठवत नाही, रेषा आली की तीच दोनदा-तीनदा काढून पुढे देतं; म्हणून संगणक जितक्या हर्ट्झवर चालतो तितक्याच हर्ट्झवर टीव्हीला चालावं लागतं, आणि एखादा टीव्ही तिथे अडून बसतो. तुमच्या दोन यंत्रांना त्याची गरज नाही.

घरी स्पेक्ट्रम असणारेही हाच प्रश्न विचारतात. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीचा परवान्याने बनवलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बऱ्याच घरांत होता. तो फक्त अँटेनाच्या खाचेतून, यूएचएफ चॅनेल ३६ वर चित्र देतो. चित्राला अँटेनाच्या सिग्नलचं रूप देणाऱ्या आतल्या मॉड्युलेटरच्या आधीच कंपोझिट सिग्नल तयार असतो; मॉड्युलेटर वेगळा करून तो थेट बाहेरच्या खाचेवर घेतला की टीव्हीची एव्ही खाच पुरते. छोटं सोल्डरिंग आहे, उलटवताही येतं.

सीजीए आणि ईजीए कार्डांत एक खाच-खळगा आहे, तो सांगून ठेवतो, कारण क्लोन यंत्रांत नेमकं कोणतं कार्ड आहे हे बाहेरून कळत नाही. दोन्हींना नऊ पिनांचीच खाच. पण सीजीएची दुसरी पिन ग्राउंड आहे आणि ईजीएची दुसरी पिन लाल रंगाची दुसरी तार. ईजीए कार्डाला सीजीएची केबल लावली तर ती तार ग्राउंडला शॉर्ट होते. कार्ड काढून त्यावरची मोठी चिप आणि जंपर बघा, मगच केबल. आणि सीजीएवर तपकिरीच्या जागी शेवाळी पिवळा दिसला तर कार्डाला दोष देऊ नका: तपकिरी हा आयबीएमच्या मॉनिटरच्या आत, हिरवा कमी करून, तयार व्हायचा. ते काम आता कन्व्हर्टरच्या पॅलेटने करायचं.

आता टीव्हीकडे. दोन्ही यंत्रं ५० हर्ट्झची आहेत. आपल्याकडचे टीव्ही पालच्या वारशामुळे ५० हर्ट्झ बिनतक्रार घेतात; ऑफिसातले बरेच मॉनिटर ६० शिवाय ऐकत नाहीत, मग सरकणारा मजकूर अडखळतो. प्रदर्शनाला टीव्हीच वापरा. पिक्चर मोड ‘गेम’ किंवा ‘पीसी’ ठेवा, शार्पनेस शून्याकडे आणा, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद करा. चित्र पूर्ण पडदाभर ताणू नका. १०८० रेषांच्या पडद्यावर बीबीसीच्या २५६ रेषा चौपट केल्या की १०२४ होतात, ६४० ठिपके दुप्पट केले की १२८०. हर्क्युलिसच्या मजकुराच्या ३५० रेषा तिप्पट म्हणजे १०५०, ७२० ठिपके दुप्पट म्हणजे १४४०. दोन्ही पूर्णांकात बसतात आणि आकार मूळ ४:३ च्या जवळ राहतो. कडेला काळी पट्टी उरते ती राहू द्या. हर्क्युलिसला पॅलेटमध्ये हिरवा किंवा अंबर रंग द्या. पांढऱ्यापेक्षा तो वाचायला सोयीचा, आणि त्या काळचे पडदे तसेच होते.

अर्थिंगची काळजी मात्र मनापासून घ्या. जुन्या संगणकाला तीन पिनांचा प्लग असतो, पण भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून धातूच्या भागावर निम्म्या मेन्सइतकं व्होल्टेज तरंगत राहतं. हाताला मुंग्या येतात ते यामुळे. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआयची केबल लावण्याच्या क्षणी तो टीव्हीच्या पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जाऊ शकतं. संगणक, पाय आणि टीव्ही एकाच, खरोखर अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आणि केबल लावताना-काढताना सगळं बंद ठेवा.

केबल एकदाच नीट बनवा. बीबीसीच्या ‘डिन’मध्ये पिन एक लाल, दोन हिरवा, तीन निळा, चार सिंक, पाच ग्राउंड. सहाव्या पिनवर ५ व्होल्ट येतात. तिला तार जोडूच नका, म्हणजे प्लग तिरका बसला तरी काही शॉर्ट होणार नाही. दुसऱ्या टोकाला बोर्डाच्या नऊ पिनांत लाल, हिरवा, निळा तीन-चार-पाचवर, सिंक आठवर आणि ग्राउंड एकवर. एक्सटीसाठी नऊ पिनांची सरळ केबल, दीड मीटरच्या आत. दोन्ही केबलींना चिठ्ठ्या लावा आणि मेनूत दोन्ही प्रोफाइल जतन करा; एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला सगळं बंद करायचं, केबल बदलायची, पुन्हा चालू करून प्रोफाइल निवडायचं. आवाज एचडीएमआयमधून येणार नाही, तो संगणकाच्या आतल्या स्पीकरमधूनच येईल, तेव्हा टेबल टीव्हीच्या जवळ आणि मुलांना की-बोर्डपर्यंत हात पोचेल असं मांडा.